भेसळीचा मूळपुरुष

जून १९२२, पहिला शनिवार. तुम्ही सायकलवर आहात. सायकल लोखंडी, जड, एकाच गिअरची, आणि सीट इतकी कडक की दर खड्ड्याला मणक्यांची हजेरी घेते. म्युनिक मागे पडून बराच वेळ झाला. दोन्ही बाजूंना स्प्रूसची उंच झाडं, मधून सायकलींचा रस्ता, आणि नजर पोचेल तिथवर पुढे-मागे सायकलीच सायकली. टोपीवाले कारकून, बाह्या दुमडलेले कामगार, झगा सावरत पेडल मारणाऱ्या मुली. १९१८ साली आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला, तेव्हापासून या लोकांच्या हाती थोडा मोकळा वेळ आला आहे, आणि तो घालवायला सायकलीइतकं स्वस्त वाहन दुसरं नाही.

तुमच्या खिशात मार्कांच्या नोटा आहेत. एका डॉलरला सध्या तीनशेच्या आसपास मार्क पडतात आणि डिसेंबरात हा भाव सात हजारांच्या पुढे जाणार आहे, हे या रस्त्यावर फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. तेव्हा पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका. तीन आठवड्यांनी, २४ जूनच्या शनिवारी, परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांना बर्लिनच्या रस्त्यात भरदिवसा गोळ्या घातल्या जातील. पण आज ऊन आहे, घसा कोरडा पडला आहे आणि झाडांपलीकडून माणसांचा कलकलाट ऐकू येतो आहे. डाइझेनहोफेन आलं.

फ्रांत्स झावर कुग्लरची खानावळ. हा गडी मूळचा रेल्वेवर काम करणारा. रूळ टाकणाऱ्या मजुरांना बिअर विकता विकता तो खानावळवाला झाला. म्युनिकहून इथवर सायकलरस्ता व्हावा म्हणूनही त्याने खटपट केली असं म्हणतात, आणि ती जरा जास्तच फळाला आली. सांगणारे सांगतात की त्या दिवशी १३,००० सायकलवाले त्याच्या दारात उभे ठाकले. आकडा मला फुगवलेला वाटतो. तुम्ही तिथेच आहात, हवं तर मोजा. मात्र बाकांवर जागा नाही, झाडांखाली जागा नाही, आणि बिअरची पिंपं तळाला लागली आहेत, एवढं दिसायला मोजणी लागत नाही.

कामावरची बाई एका हातात लिटरभराचे चार-चार मग घेऊन येते आणि त्यातला एक तुमच्यापुढे आदळते. रंग नेहमीपेक्षा फिका, फेस कमी. पहिल्या घोटाला नाकाशी लिंबू येतं, मग माल्टची गोडी, आणि कडूपणा अगदी शेवटी, पाहुण्यासारखा दबकत. निम्मी बिअर, निम्मं लिंबाचं सोडालेमन. पाच टक्क्यांची बिअर अडीच टक्क्यांवर आली आहे. साखरेमुळे ती भरभर घशाखाली उतरते आणि परतीच्या वाटेवर हँडल सरळ धरता येईल इतपत शुद्ध राखते. नाव विचाराल तर ‘राडलरमास’, म्हणजे सायकलवाल्याचा लिटरभर मग.

कुग्लर टेबलाटेबलापाशी थांबून सांगतो आहे की हे पेय त्याने खास सायकलवाल्यांसाठी तयार केलं, घरी जाताना कुणी पडू नये म्हणून. त्याच्या तळघरात सोडालेमनच्या हजारो बाटल्या गिऱ्हाइकाअभावी धूळ खात पडल्या होत्या, हा त्याच कथेचा दुसरा भाग तो इतक्या मोठ्याने सांगत नाही. माझा त्याच्या दयाबुद्धीपेक्षा त्या पडून राहिलेल्या मालावर जास्त विश्वास बसतो. पेय त्यामुळे वाईट ठरत नाही. दुसरा मग मागवा.

शेजारी बसलेला मिशाळ म्हातारा तुमच्या मगाकडे बघून नाक मुरडतो. त्याच्या मते बिअर म्हणजे जव, हॉप्स आणि पाणी, चौथं काही नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटला बव्हेरियाच्या दोन ड्यूकांनी तसा हुकूमच काढला होता, आणि १९०६ पासून तो सगळ्या जर्मनीला लागू आहे. पण तो पाळायचा बिअर गाळणाऱ्याने. खानावळवाला गिऱ्हाइकासमोर मगात काय ओततो याच्याशी त्या हुकुमाला देणंघेणं नाही. कारखान्यातच मिसळून बाटलीत भरलेलं राडलर विकायची मुभा मात्र जर्मन कायदा १९९३ सालापर्यंत देणार नाही. तोवर ही भेसळ मगातच व्हायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. बिअरवाल्यांना ही म्हण कुणी सांगितलेली दिसत नाही, कारण प्रत्येक मिश्रणाला एक मूळपुरुष चिकटलेला आहे आणि प्रत्येक मूळपुरुषाला एक सभ्य कारण. आज तुम्ही परदेशी गेलात तर हॅम्बुर्गात हेच पेय आल्स्टर नदीच्या नावाने मिळेल, फ्रान्समध्ये पानाशे म्हणून, स्पेनमध्ये क्लारा म्हणून. बर्लिनमध्ये आंबट बिअरीत तांबडं किंवा हिरवं सरबत घालून देतील, आणि मेक्सिकोत लिंबू, मीठ, मिरची नि तिखट सॉस घालून मिचेलादा. यातलं शेवटचं आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलात गोव्याला जाऊन लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला उर्राक ज्याने प्यायला आहे, तो मिचेलादाकडे ओळखीच्या माणसासारखा बघतो. आपण मात्र उलट दिशेने जाणार आहोत. नियम एकच, पेला संपला की मागे.

तर मग संपवा.

म्युनिकच. साल १९००च्या आसपास. कोंदट खानावळ, छताला धुराचा थर. बहुतेक मगांतली बिअर गडद तपकिरी आहे. फिकी ‘हेलेस’ श्पाटेन कंपनीने १८९४ साली बाजारात आणली, पण जुनी गिऱ्हाइकं अजून तिला बिचकून आहेत. आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलावरून, नीट ऐका, कुणीतरी राडलरमास मागवतं. कुग्लरच्या आधी वीस-बावीस वर्षं! याला साक्षीदार आहे. लेना क्रिस्ट नावाची मुलगी याच शहरात आईच्या खानावळीत राबत मोठी होते आहे. १९१२ साली ती आपल्या आठवणींचं पुस्तक छापेल आणि त्यात याच काळातल्या राडलरमासचा उल्लेख येईल. पुस्तक छापून झाल्यावर दहा वर्षांनी कुग्लरने शोध लावला! त्याच्या नावाची खानावळ मात्र आजही डाइझेनहोफेनला जोरात चालते. शोधापेक्षा गोष्ट जास्त टिकते, आणि गोष्टीला बसायला बाकं असली तर विचारूच नका.

पुढचा थांबा लंडन, डिसेंबर १८६१. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या ब्रुक्स क्लबात तुम्हाला आत कोण सोडणार? सदस्य लागतात, तेही सरदारघराण्यातले. पण आज दारवानाचंही लक्ष नाही. १४ तारखेला राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट विंडसरला वारले आणि शहराने काळे कपडे चढवले. क्लबातल्या कुणा सेवकाच्या मनात आलं म्हणे, की शॅम्पेनलाही सुतक पाळायला लावावं. म्हणून त्याने तिच्यात काळीभोर स्टाउट ओतली. ब्लॅक व्हेल्व्हेट. घोट घ्या. भाजक्या जवाचा जळकट कडूपणा आणि त्यातून वर येणारे शॅम्पेनचे बारीक बुडबुडे. शोकाला हे पेय शोभतं का कोण जाणे, पण ते फार सुरेख आहे, आणि म्हणूनच मला संशय येतो. सुतक पाळायचं तर शॅम्पेन न पिणं हा साधा मार्ग होता.

आठ वर्षं मागे ऑक्सफर्डला डोकावलं तर विद्यार्थी बिअरीत आल्याची जिंजर बिअर घालून ‘शँडीगॅफ’ पिताना दिसतील. १८५३ सालच्या ‘व्हर्डंट ग्रीन’ या विनोदी कादंबरीत त्याचं नाव आलं आहे. इथे फार रेंगाळू नका. विद्यार्थ्यांना कारण लागत नाही.

त्याहून मजा आहे ती १८३७ साली, लंडनच्या पूर्वेला. थंडीने हाडं गोठतात. थेम्सवरून येणारं धुकं कोळशाच्या धुरात मिसळून पिवळं झालं आहे. दारूच्या दुकानात शिरा. शेगडीतल्या लाल निखाऱ्यांत टिनची भांडी टोक खाली करून खुपसून ठेवली आहेत, विदूषकाच्या उलट्या टोपीसारखी निमुळती, म्हणजे टोक थेट निखाऱ्यांच्या गाभ्यात जातं आणि आतली बिअर झटकन तापते. कोमट पोर्टर, ओलसर तांबूस साखर, जिन आणि वर किसलेलं जायफळ. याला म्हणतात ‘डॉग्ज नोज’, कुत्र्याचं नाक. ही कृती खात्रीने कुठे मिळते माहीत आहे? याच वर्षी पुऱ्या झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये डिकन्सने ती दारूबंदीवाल्यांच्या सभेत वाचून दाखवली आहे. दारू सोडलेल्या एका शिंप्याचा अहवाल सादर होतो. तो वीस वर्षं आठवड्यातून दोनदा कुत्र्याचं नाक चाखत होता, आणि ते कशाचं बनतं याची समितीने चौकशी करून साहित्यानिशी नोंद केली आहे. श्रोत्यांतली एक वयस्क बाई कळवळून त्याला दुजोराही देते. घटक तिला तोंडपाठ असणार! दारूबंदीच्या इतिहासात याहून उपयुक्त अहवाल माझ्या तरी वाचनात नाही.

जायफळाचा वास लक्षात ठेवा. तो पुढेही भेटणार आहे.

आता समुद्र ओलांडायचा आहे. नोव्हेंबर १७६०, मॅसॅच्युसेट्स, बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रेनट्रीच्या परिसरातली थेयरची खानावळ. अमेरिका नावाचा देश अजून नाही, इथे इंग्लंडच्या राजाचं राज्य आहे. तुम्ही दार ढकलता आणि आवाज अंगावर कोसळतो. प्रत्येक खोली माणसांनी ठेचून भरली आहे, स्वयंपाकघरसुद्धा. माडीवर व्हायोलिन वाजतं आहे, वाजवणारे कृष्णवर्णीय आहेत, आणि पोरंपोरी अशी नाचताहेत की तक्तपोशी फोडून खाली येतील. एका बाजूला पंचवीस वर्षांचा एक बुटका, गोल चेहऱ्याचा वकील कपाळाला आठ्या घालून उभा आहे. घरी जाऊन तो हे सगळं डायरीत उतरवणार आहे, आणि खानावळींचे परवाने कमी करा म्हणून चळवळही चालवणार आहे. ती सपशेल फसेल. त्याचं नाव जॉन ॲडम्स. पुढे सदतीस वर्षांनी तो या देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष होईल. सकाळी उठल्याबरोबर सफरचंदाची सायडर पिण्याची त्याची स्वतःची सवय मात्र म्हातारपणापर्यंत सुटणार नाही.

त्याच्याकडे दुर्लक्ष करून चुलीपाशी या. इथे आपल्या प्रवासातलं सर्वांत नाट्यमय पेय तयार होतं, ‘फ्लिप’. मोठ्या मगात कडक बिअर दोन-तृतीयांश भरायची. त्यात काकवी किंवा साखर. कधी वाळवलेला भोपळाही घालतात, कारण साखर महाग आहे. मग रमचं माप. आता मालक चुलीतून लोखंडी सळई उपसतो. तिचं टोक लालबुंद झालं आहे. तो ते थेट मगात खुपसतो.

चर्र!

बिअर उसळून कडेवरून वाहते, फेस हातभर चढतो, सगळी खोली करपलेल्या साखरेच्या वासाने भरून जाते. खरी चव इथेच आहे. बिअर नुसती तापवली असती तर ती बेचव झाली असती, कारण वाफेबरोबर तिचा जोम गेला असता. पण सळईला टेकलेली साखर क्षणात करपते आणि तो करपट कडूपणा हॉप्सच्या कडूपणावर स्वार होतो. जीभ पोळते, मग गोड लागतं, मग कडू, आणि पोटात रम हळूच दिवा लावते. वर जायफळ आहेच. पुढल्या काळात लोक यात फेटलेलं अंडं घालतील आणि सळई विसरतील, तेव्हा या पेयातला जीवच जाईल, असं माझं मत.

प्यायचं थांबवून एक क्षण माडीकडे कान द्या. व्हायोलिन अजून चालू आहे. मगातली रम न्यू इंग्लंडच्या भट्ट्यांत गाळली गेली, पण तिची काकवी कॅरिबियन बेटांवरून आली, आणि तिथला ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी तोडला. ॲडम्सने डायरीत वादकांची नोंद केली, पेयाची नोंद केली. दोन्ही एकाच वाटेने या खोलीत आले हे त्याला सुचल्याचं त्या पानावर दिसत नाही. मग खाली ठेवावासा वाटला तर ठेवा. नियम मोडेल, पण मी सांभाळून घेईन.

लंडनला परत. ९ नोव्हेंबर १६६६, रात्री एक वाजून गेला आहे. शहराचा जुना भाग दोन महिन्यांपूर्वी जळून खाक झाला. पावसात भिजलेल्या राखेचा वास अजून गल्ल्यांतून येतो. सीदिंग लेनवरचं हे घर वाचलं. आत पत्त्यांचा डाव रंगला आहे. घरधनी नौदलाच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पीप्स, वय तेहतीस. संध्याकाळी ही मंडळी नाचगाण्याच्या बेतात असताना हॉर्स गार्ड्सला आग लागल्याची बातमी आली आणि सगळे हादरले. आग आटोक्यात आल्याचं कळलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता दोनपर्यंत पत्ते कुटायचे आणि ‘लॅम्ब्जवूल’ प्यायचं. गरम एल, तिच्यात भाजून फुटलेल्या सफरचंदांचा मऊ गर, साखर आणि पुन्हा जायफळ. गर पांढरट पुंजक्यांनी वर तरंगतो, मेंढीच्या लोकरीसारखा. पेय म्हणावं की लापशी, असा प्रश्न पडतो. चमचा मागायला लाजू नका.

आणि हे जायफळ कुठून आलं? या वर्षी जगातलं सगळं जायफळ पूर्वेकडच्या बांदा बेटांवरून येतं, आणि त्या इवल्याशा बेटांवरून इंग्रज आणि डच एकमेकांचे गळे धरून आहेत. पुढच्याच वर्षी ब्रेडाच्या तहात इंग्रज तिथल्या रन बेटावरचा हक्क सोडतील आणि डचांकडून जिंकलेलं मॅनहॅटन स्वतःकडे ठेवतील. पीप्सच्या पेल्यावर भुरभुरलेली ती चिमूट म्हणजे या हिशेबातली चिल्लर. त्याला आज रात्री त्याची फिकीर नाही. त्याला पत्ते चांगले लागले असावेत.

इथून पुढे कागदपत्रं तुरळक होत जातात. बव्हेरियाच्या त्या दोन ड्यूकांना मागे टाका. हॉप्स युरोपभर रुळायच्या आधी बिअरीत नाना रानपाले पडत, तेही मागे टाका. मोठी उडी घ्यायची आहे, चोवीसशे वर्षांची.

इसवी सनापूर्वी ७४०च्या आसपास. आजच्या तुर्कस्तानात, अंकाराच्या नैर्ऋत्येला, फ्रिजियाची राजधानी गॉर्डियन. उघडं माळरान, कोरडा वारा. राजा गेला आहे, साठीचा माणूस. मिडासचा बाप असावा असा आजच्या संशोधकांचा कयास आहे. पाइन आणि जुनिपरच्या ओंडक्यांची खोली तयार आहे. तिच्यावर ५३ मीटर उंचीची टेकडी उभी राहणार आहे. पण त्याआधी जेवण.

पितळी रंगाने लखलखणारी काशाची भांडी रांगेने मांडली आहेत. तीन अजस्र कढया, प्रत्येकीत दीडशे लिटर मावेल एवढ्या. कुणीतरी सिंहाच्या तोंडाच्या बादलीने त्यातून पेय उपसतं आणि तुमच्या वाडग्यात ओततं. सोनेरी, गढूळ. ओठाला लावा. द्राक्षांच्या वाइनचा आंबटपणा, जवाच्या बिअरचा भरीवपणा, मधाच्या दारूची गोडी, तिन्ही एकत्र. इथे जायफळ नाही. ते जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि या लोकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही.

हे आपल्याला कळलं ते एका घरगुती आळसामुळे. जेवण झाल्यावर भांडी न घासताच थडग्यात ठेवली गेली. १९५७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉडनी यंग आत शिरले तेव्हा काशाची १५७ भांडी मिळाली, आणि तळाशी वाळलेला पिवळट साका. चाळीसेक वर्षांनी पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी त्याची रासायनिक तपासणी केली. टार्टारिक आम्लाने द्राक्षं सांगितली, मेणाच्या अंशांनी मध, आणि बिअर मुरताना जमणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटने जव. पुढे एका अमेरिकन ब्रुअरीने त्यावरून बाटलीबंद बिअरही काढली. कडूपणासाठी तिने त्यात केशर घातलं, तो निव्वळ अंदाज. मुळात काय होतं हे साक्याने सांगितलं नाही.

आणि कारण? तेही सांगितलं नाही. मालाचा उठाव होत नव्हता म्हणून, की थंडी होती म्हणून, की राजाला असंच आवडायचं म्हणून. तुमच्या बाजूला बसलेला दाढीवाला माणूस वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे धरतो. त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. माझा सल्ला आहे की तुम्हीही विचारू नका, कारण आजूबाजूला निदान शंभर माणसं आहेत आणि प्रत्येकाकडे एक मूळपुरुष निघेल.

त्यापेक्षा पानाकडे बघा. पंगत बसते आहे. शेकलेलं बकऱ्याचं मांस मसुरांत शिजवलं आहे, वरून मध, वाइन आणि ऑलिव्हचं तेल. साक्यात याचाही पुरावा निघाला. सकाळपासून पोटात बिअर, रम, जिन आणि शॅम्पेन आहे. आधी चार घास खाऊन घ्या, कढया अजून अर्ध्यासुद्धा झालेल्या नाहीत.